वाफ उत्तरेच्या खोलीपर्यंत

"जिथं वाफ फुसफुसते, तिथं कुणीतरी कामावर झोपलेलं असतं," असं ओविला देरोशे एकदा म्हणाले होते. कुणाच्या तरी बाप्तिस्म्याचं जेवण चाललं होतं, शेगडीवर किटली ओरडत होती आणि बायका गप्पांत रमल्या होत्या. सगळे हसले. ते हसले नाहीत. उठून त्यांनी किटलीखालचा गॅस बंद केला.

ते माझे मावसे. आम्ही सगळी भाचरं त्यांना घरच्या फ्रेंचमध्ये मोनोंक म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला, माझ्या आईच्या थोरल्या बहिणीला, मातांत ऑरोर. वूनसॉकेट या गिरण्यांच्या गावात नदीच्या उतारावर त्यांचं दोन मजली लाकडी घर होतं. खाली ती दोघं राहायची. वर मी, माझी बायको गेल्यापासून एकटा. तळघरात एकच बॉयलर. त्यातून निघालेला एक जाड पाइप छताखालून घराला वळसा घालत मागच्या कोपऱ्यापर्यंत गेलेला, आणि त्याला फुटलेले फाटे वर खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरांत, खोली तापवणाऱ्या लोखंडी खणांत, शिरलेले. आमच्या सगळ्या गल्लीत हिवाळा असाच काढला जायचा. सकाळी पांघरुणात पडून राहायचं आणि खालून वाफ निघाली की नाही ते ऐकायचं.

मोनोंकनी उभं आयुष्य कापड रंगवण्याच्या गिरणीत, बॉयलरघरात काढलं. तिथली वाफ घरातल्यासारखी नव्हे. जास्त दाबाची वाफ फटीतून बाहेर पडते तेव्हा दिसतच नाही. पांढरं दिसतं ते पुढं, ती निवल्यावर. म्हणून गळती शोधायला झाडूचा लांब दांडा पुढं धरून चालायचं. दांड्याचं टोक अचानक चिरफाळलं, की समजायचं, इथं आहे. हात पुढं केलेला एक माणूस त्यांनी पाहिला होता. त्याबद्दल ते बोलत नसत. गिरणी बंद झाली त्या दिवशी ते शेवटचा दांडा घरी घेऊन आले आणि तळघराच्या जिन्याशी उभा करून ठेवला. घरच्या वाफेत कागद फाडण्याइतकाही जोर नव्हता. तरी जिना उतरताना त्यांचा हात त्या दांड्याकडं जायचाच.

घर घेतलं त्या पहिल्या हिवाळ्यातली एक गोष्ट मातांत ऑरोर हसून सांगायची. ती तळघरात कपडे वाळत घालत होती. बॉयलर पेटला तशी कोपऱ्यातून, जाड पाइपाच्या अगदी टोकाला, काहीतरी हळू आवाजात बोलू लागलं. "एखादी म्हातारी कोपऱ्यात बसून जपमाळ म्हणतेय असं वाटलं मला. बरं वाटलं. सोबत झाली." तिनं जेवताना ते नवऱ्याला सांगितलं. मोनोंक तसेच उठून, तोंडातला घास तोंडात, खाली गेले. पाइपाच्या टोकाला एक पितळी झडप होती आणि ती फुसफुसत होती. बॉयलरवाल्याच्या घरात वाफ गळतेय, आणि गळतेय कुठं, तर तळघरात, बटाट्यांना ऊब द्यायला. त्यांनी झडप पिळून काढली आणि त्या जागी आट्यांचं लोखंडी बूच पाना लावून आवळून बसवलं. "म्हातारीला गप्प केलं तुझ्या मावशानं," मातांत म्हणायची.

त्याच कोपऱ्याच्या वर उत्तरेची खोली होती. ती कधीच तापायची नाही. तिथला रेडिएटर संध्याकाळी कोमट व्हायचा, तोही एका बाजूनं, आणि तेवढ्यात बॉयलर बंद पडायचा, कारण ऊब मोजून बॉयलर बंद करणारा थर्मोस्टॅट पुढच्या जेवणघरात होता आणि जेवणघर केव्हाच तापलेलं असायचं. त्याचं कुणाला काही वाटत नसे. नदीवरून वारा येतो, खोली उत्तरेची, ती गार असणारच. त्यांची एकुलती एक मुलगी क्लोदेत त्या खोलीत वाढली. लग्न करून ती प्रॉव्हिडन्सला गेल्यावर तिथं सफरचंदं आणि नाताळचे मांस भरून भाजलेले पाई ठेवू लागले. नाताळ ते ईस्टर काही नासायचं नाही.

मग मातांतची छाती गेली. तीही त्याच गिरणीत विणायला होती, आणि कापसाची धूळ कुणाला विसरत नाही. डॉक्टरांनी प्राणवायूचं यंत्र घरी पाठवलं. न्हाणीघर घरात एकच, मागच्या बाजूला, उत्तरेच्या खोलीला लागून. तिला तेवढीच पावलं झेपत होती. त्यामुळं पलंग तिथं गेला, यंत्रही तिथं गेलं, सफरचंदं माझ्याकडं वर आली.

"मला ह्या घरातनं एकदाच बाहेर काढा," ती सगळ्यांना सांगायची, "आणि तेव्हा मला चालायला लावू नका."

डिसेंबरमध्ये घरी येणारी नर्स, मिस कीनन, खोलीत आली आणि तिनं हातमोजे काढलेच नाहीत. तिनं बोलणं आटोपतं ठेवलं. एवढ्या गारठ्यात ही छाती टिकणार नाही. विजेची शेगडी प्राणवायूच्या शेजारी ठेवायची नाही, म्हणजे नाही. पुढच्या गुरुवारी ती पुन्हा येईल. खोली तापली नसेल तर पेशंटला चर्चच्या सिस्टरांच्या शुश्रूषागृहात हलवावं लागेल.

त्या रविवारी क्लोदेत आली. ती वडलांशी उभ्यानंच बोलायची.

"पापा, ही खोली आहे की बर्फाची पेटी?"

"उत्तरेची खोली आहे. वाऱ्याला काही मी आमंत्रण दिलेलं नाही."

"मी इथं टोपी घालून झोपायचे. शाळेत सिस्टरनं नकाशात उत्तर ध्रुव कुठं विचारलं, तर मी म्हटलं, आमच्या न्हाणीघराच्या शेजारी."

"त्यानं माणूस काटक होतो."

"मम्माचं आता काटक व्हायचं वय राहिलंय?"

"अगं, माझ्यावरून भांडताय तर जरा मोठ्यानं भांडा," पलंगावरून मातांत म्हणाली. दोन शब्दांमध्ये तिला थांबावं लागायचं. "यंत्राच्या आवाजात मला ऐकू येत नाही."

मोनोंक खाली गेले. वाफेचं माणूस; वाफ पोचत नसेल तर ते एकच जाणत होते. दाब वाढवायचा. गिरणीत दाब वाढवला की वाफ रंगाच्या शेवटच्या पिंपापर्यंत धावायची. त्यांनी बॉयलरवरच्या डबीतला स्क्रू फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर वाजायला लागलं. भिंतीत कुणी हातोडी घेऊन कोंडलं असावं तसे पाइप ठणकत होते. माझ्या स्वयंपाकघरातल्या रेडिएटरनं फरशीवर गंजकं पाणी थुंकलं. जेवणघर भट्टी झालं. मी खिडकी उघडली, बाहेर बर्फ पडत होतं, आणि खाली उत्तरेच्या खोलीत मातांत दोन रजया अंगावर घेऊन प्रत्येक ठोक्याला डोळे मिटत होती.

"ओविला," ती म्हणाली, "दार उघड बाबा. कोण आलंय ते बघ. एवढ्या वेळ कुणाला ताटकळत ठेवू नये."

त्यांनी दाब आणखी वाढवला. मग त्या खोलीच्या रेडिएटरची छोटी झडप बदलून मोठ्या तोंडाची लावली. तिनं भिंतीवर पाणी उडवलं. मग थर्मोस्टॅट इतका वर नेला की जेवणघरातली मेणबत्ती वाकली. तळघरातून वर, वरून तळघरात. जिन्यात मला दिसायचे तेव्हा हातात तो दांडा असायचा, आणि तो कुठंच चिरत नव्हता.

मंगळवारी ते मला म्हणाले, "जेरार, गाडी काढ."

नळकामाच्या सामानाच्या दुकानात काउंटरमागं नोर्मां होता. त्याचे वडील मोनोंकच्या हाताखाली कोळसा ओढायचे. त्यामुळं तो त्यांना अदबीनं मस्यू देरोशे म्हणायचा, पण जीभ त्याची स्वतःची होती.

"उत्तरेची खोली? आता आठवली होय तुम्हाला? क्लोदेत शाळेत तेच सांगायची. बरं, मेन पाइपाच्या टोकाला काय आहे?"

मोनोंक काउंटरवरचे नट बघत होते.

"मस्यू देरोशे, टोकाला झडप कुठली आहे?"

"बूच आहे."

"बूच? कुठल्या गाढवानं मारलं?"

मोनोंकनी एक नट उचलून दिव्याकडं धरला, आटे तपासले आणि परत ठेवला. "पूर्वीचं आहे," ते म्हणाले.

नोर्मांनं दोन्ही कोपरं काउंटरवर टेकली. बॉयलर गार असतो तेव्हा तुमचा तो जाड पाइप रिकामा नसतो, तो म्हणाला, हवेनं गच्च भरलेला असतो. वाफेला आत शिरायचं तर ती हवा आधी बाहेर गेली पाहिजे. टोकाला वाट नसेल तर ती सगळी रेडिएटरांच्या चिमुकल्या झडपांतून रांगत रांगत जाणार. जवळच्या खोल्या आधी मोकळ्या होतात, तापतात, थर्मोस्टॅट बॉयलर बंद करतो. लांबच्या खोलीत हवाच बसून राहते. "दाब कशाला वाढवता? चर्चमधली मिस्सा संपल्यावर सगळं देऊळ एका खिडकीतून बाहेर काढायचंय, आणि तुम्ही मागून ढकलताय."

"आणि वाफ? ती नाही जाणार?"

"वाफ लागली की झडप आपली आपण मिटते. जाते ती नुसती हवा."

"ती फुसफुसत होती," मोनोंक म्हणाले.

"कोण?"

नोर्मांनं माझ्याकडं बघितलं, मी छताकडं.

त्यानं काउंटरवर झडपा मांडल्या. एक अंगठ्याएवढी. एक लिंबाएवढी. एक चांगली मुठीत न मावणारी. पाइप किती लांब, किती जाड, ते त्यानं विचारलं आणि मोठी पुढं सरकवली. "ही. खरं तर ह्या दोन, एका फाट्यावर शेजारी शेजारी. आधी असं करा. बूच काढा, तोंड उघडंच ठेवा, बॉयलर पेटवा आणि बघा वाफ टोकाला यायला किती वेळ लागतो. मग झडप लावून बघा. उघड्या तोंडाच्या जवळपास वेळ आला तर झडप पुरेशी. फार जास्त लागला, तर छोटी आहे, परत या."

मोनोंकनी मोठी झडप हातात घेतली. तिच्या तोंडावर अंगठा ठेवला. मोठं भोक होतं. त्यांच्या चेहऱ्यावर मला तेव्हा जे दिसलं ते मी पुढं बरेच दिवस बघत राहिलो. एवढं मोठं भोक, आपल्या हातानं, आपल्याच पाइपाला. त्यांनी ती खाली ठेवली आणि अंगठ्याएवढी उचलली.

"मस्यू देरोशे, ती तुमच्या पाइपाला नाकपुडीसुद्धा नाही."

"तुझा बाप पण जास्त बोलायचा," मोनोंक म्हणाले.

बूच निघत नव्हतं. गंज आणि त्यांच्या तरुणपणीचा हात, दोन्ही त्यात होते. आम्ही गॅसच्या ज्योतीनं टोक तापवलं, पान्याला पाइपाचा तुकडा चढवून दोघं लटकलो, तेव्हा ते किंचाळून सुटलं. मोनोंकनी ते हातात धरून बघितलं आणि खिशात टाकलं. मी बॉयलरच्या खटक्याशी उभा राहिलो. गिरणीत घड्याळ घामानं बंद पडायचं म्हणून ते वेळ जपमाळेनं मोजायचे. त्यांनी मातांतची माळ काढली आणि उघड्या तोंडाखाली पुटपुटायला लागले. नमो मरिये, कृपापूर्णे. वरून, त्या भोकातून, हवा यायला लागली. आधी गार, मग कोमट, गंजाचा आणि जुन्या पाण्याचा वास असलेली. ती त्यांच्या विरळ केसांतून, कपाळावरून, मिटल्या डोळ्यांवरून वाहत होती. त्या पाइपात एवढी हवा असेल असं मला वाटलं नव्हतं. ती येतच राहिली. दहा मणी संपायच्या आत तिच्यामागून वाफेचा पांढरा गोळा आला.

"बंद कर," ते म्हणाले.

पाइप निवल्यावर छोटी झडप लावली आणि पुन्हा पेटवलं. ह्या वेळी दहा मणी संपले, वीस संपले, माळेला निम्मा वळसा झाला. पाइपाचं टोक अजून गारच. झडप जोरजोरात फुसफुसत होती, धाप लागलेल्या माणसासारखी. वरच्या खोलीत तसाच एक आवाज चालू होता हे आम्हा दोघांनाही ऐकू येत होतं.

"छोटी आहे, मोनोंक," मी म्हटलं.

"चालेल."

"नोर्मां म्हणाला..."

"पूर्वीपेक्षा बरं आहे ना? मग चालेल."

पूर्वीपेक्षा बरं होतं. बुधवारी त्या रेडिएटरच्या पहिल्या चार खणांना हात लावता येत नव्हता, पुढचे सहा गार. मातांतनं त्यावर पाय ठेवले. "ओविला, बघ, अर्धी स्वर्गात आहे मी." मग बुधवारी दुपारनंतर वारा फिरला, नदी कडेकडेनं गोठली, आणि गुरुवारी मिस कीनन आली तेव्हा खिडकीच्या काचेवर आतून बर्फाची नक्षी होती. मोनोंकनी तिला रेडिएटर दाखवला. चार खण. ती त्यावर हात ठेवून उभी राहिली, मग तिनं मातांतची नखं बघितली. निळी होती.

क्लोदेत दुपारी आली. सिस्टरांकडं नेताना मातांत मोनोंककडं बघत नव्हती, खोलीतल्या वस्तूंकडं बघत होती. ॲम्ब्युलन्सच्या दोघांनी खुर्ची उचलली तेव्हा म्हणाली, "मी म्हटलं होतं ना, मला चालायला लावू नका." दोघं हसले. त्यांना काय माहीत.

शुक्रवारी मला खालून पान्याचा आवाज आला. मी उतरलो तेव्हा मोनोंक कोपऱ्यात शिडीवर होते आणि पाइपाच्या टोकाला शिंगांसारखा फाटा काढून त्यावर दोन मोठ्या झडपा शेजारी शेजारी बसवल्या होत्या. दुकानात ते चालत गेले असणार, बर्फातून. दाबाचा स्क्रूही त्यांनी पार खाली आणून ठेवला होता.

"पेटव."

मी पेटवलं. दोन्ही झडपा बोलायला लागल्या. मोठा, सावकाश, जाडसर आवाज, फुसफुसणं नव्हे; खोलीत खूप माणसं एका सुरात पुटपुटत असावीत तसा. मोनोंक माळ ओढत होते. दहाव्या मण्यापुढं दोनतीन मणी, आणि एकीचा आवाज थांबला, मग दुसरीचा. टिक, टिक. मिटल्या. तळघरात शांत झालं. पाइप वाजला नाही. त्यांनी टोकावर हात ठेवला आणि लगेच काढला.

वर उत्तरेच्या खोलीत रेडिएटरचे सगळे खण तापले होते. थोड्या वेळानं काचेवरची नक्षी वितळून चौकटीवर पाणी साचलं. मोनोंकनी स्वेटर काढला, मग सदरा. बनियनवर, मोकळ्या पलंगाच्या कडेला ते बसून राहिले.

"हात लाव, जेरार. शेवटच्या खणाला लाव."

"तापलाय, मोनोंक."

"क्लोदेत इथं टोपी घालायची," ते म्हणाले. जरा वेळानं पुन्हा म्हणाले, "टोपी घालायची ती."

शनिवारभर त्यांनी खोली झाडली, चादरी बदलल्या, न्हाणीघराच्या वाटेवर आधाराला धरायची नवीन दांडी ठोकली. रविवारी मिस्सेनंतर आम्ही सिस्टरांकडं गेलो. मोनोंकनी लग्नातला कोट घातला होता आणि मांडीवर कापडात गुंडाळलेला मांसाचा पाई धरला होता. शेजारणीनं भाजून दिलेला. वाटेत एकदाच बोलले: "उद्या आणता येईल. उद्या नाही तर मंगळवारी. नर्सला येऊन बघू दे."

खोलीत क्लोदेत खिडकीशी उभी होती. मातांत खुर्चीत बसली होती. तिच्या अंगावर शाल नव्हती. गाउनच्या बाह्या कोपरापर्यंत वर केलेल्या होत्या. डिसेंबरमध्ये तिचे हात असे उघडे मी कधी पाहिले नव्हते. ते गोरे आणि बारीक होते, मुलीच्या हातांसारखे. नखं गुलाबी होती.

"ओविला, कोट काढ. शिजशील इथं."

मोनोंकनी कोट काढला नाही. पाई तिच्या समोरच्या टेबलावर ठेवला. "ऑरोर, खोली तापली."

"कुठली?"

"उत्तरेची. सगळे खण. बनियनवर बसलो मी तिथं. जेरारला विचार."

"तापली," मी म्हटलं. "खरंच, मातांत."

क्लोदेत वळली. "एका दिवसात? केलंत काय, पापा?"

मोनोंकनी खिशात हात घातला. तो तिथंच राहिला. "तळघरात एक बूच होतं. पाइपाच्या टोकाला. ते काढलं."

"बूच? कुणी लावलं होतं?"

बाहेरच्या वऱ्हांड्यातून कुणाची तरी चाकाची खुर्ची गेली. मग मातांतचे डोळे हळूहळू मोठे झाले.

"ती म्हातारी!" ती म्हणाली. "ओविला, ती जपमाळ म्हणणारी?" आणि ती हसायला लागली. अगदी मनापासून, जेवताना ती गोष्ट सांगताना हसायची तशी. "अगं क्लोदेत, तुझ्या बापानं... मी सांगितली नव्हती का... तोंडात घास तसा..." हसता हसता तिला ठसका लागला. क्लोदेतनं नळी सारखी केली, पाठीवरून हात फिरवला. ठसका थांबायला वेळ लागला. क्लोदेत हसत नव्हती. ती वडलांच्या खिशातल्या हाताकडं बघत होती.

"अरे देवा," डोळे पुसत मातांत म्हणाली. "एवढंसं बूच."

"उद्या येते नर्स," मोनोंक म्हणाले. "तिनं हो म्हटलं की लगेच. नवीन दांडीपण लावलीय."

मातांतनं त्यांच्याकडं बघितलं. तिनं त्यांचा मोकळा हात घेतला आणि आपल्या उघड्या हातावर ठेवला, ऊब दाखवायला.

"ओविला, इथं भिंतीत काही वाजत नाही, पहाटे वाफेकडं कान लावून जागायला लागत नाही रे. मी रात्रभर झोपते. मला आयुष्यभर वाटायचं, माझी झोपच कमी. कमी नव्हती." ती थांबली, श्वास घेतला. "तिकडं क्लोदेत आली की तिला झोपव त्या खोलीत. मला नको आता हलवू. इथं बरं आहे मला."

"मम्मा," क्लोदेत म्हणाली.

"तू पाई काप. जेरार, सुरी माग सिस्टरकडं. तुझे मोनोंक उपाशी असतील."

मोनोंकनी तिच्या हातावरचा हात उचलला. टोपी टेबलावर, पाईच्या शेजारी होती. ती त्यांनी घेतली, खिशातला हात तसाच खिशात ठेवून एका हातानं डोक्यावर बसवली, दाराकडं वळले आणि बाहेर गेले.